सही करण्यापूर्वी

दरवर्षी परीक्षेचे निकाल लागले की आमच्या शाळेच्या कचेरीत दोन प्रकारचे पालक येतात. पहिल्या प्रकारच्या पालकांस पाल्याचे गुण पाहावयाचे असतात. दुसऱ्या प्रकारच्या पालकांस गुणांशी कर्तव्य नसते. त्यांस जनरल रजिस्टरातील जुनी नोंद पाहावयाची असते. नावाचे इंग्रजी स्पेलिंग काय लिहिले आहे, आडनाव पूर्ण आहे की अर्धे, जन्मतारखेत एखाद्या दिवसाचा फरक पडला आहे काय, हे ते ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "सर, हे एवढे दुरुस्त करून मिळेल?"

तसे करून मिळत नाही. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर त्याच्या नोंदीस हात लावण्याचे नियम कडक आहेत, आणि ते तसेच असावेत. परंतु तो पालक खाली मान घालून परत जातो तेव्हा त्याच्या मनात काय चालले आहे, हे आम्हांस ठाऊक असते. कारण तोच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरातही येऊन गेला आहे. पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून घ्यावी, तिकडचे नागरिकत्व मिळवावे आणि युरोपात पोटापाण्यास जावे की न जावे, हा तो प्रश्न. गोव्यात त्याची चर्चा घराघरांत होते, पण दार लोटून घेऊन. शाळेच्या वार्षिक अंकात ती उघड्या दाराने व्हावी, एवढ्याच हेतूने आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

या विषयावर दोन मते नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, जो नागरिकत्व बदलतो तो देशाशी बेइमान होतो. दुसरा पक्ष म्हणतो, संधी असून जो जात नाही तो मूर्ख. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. जाणे हे पाप नव्हे आणि राहणे हे पुण्य नव्हे. मात्र आपण काय घेत आहोत व काय सोडत आहोत हे न वाचता, दुसऱ्याच्या बोटाखाली सही करणे, ही गोष्ट शिकलेल्या माणसास शोभत नाही. या लेखात आम्हांस म्हणावयाचे आहे ते एवढेच.

स्थलांतर गोव्याला नवे नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात आणले. तेव्हा तो प्रदेश पोर्तुगिजांच्या अमलाखाली नव्हता; म्हणजे जुवारी ओलांडणे ही त्या काळी एक सरहद्द ओलांडणेच होते. पुढे गोमंतकीय माणूस मुंबईस गेला, तेथे गावागावांच्या कूडांत राहिला, बोटीवर खलाशी झाला, आफ्रिकेत व आखाती देशांत पोहोचला. जो देव घेऊन निघाला त्याला कोणी दाखला विचारला नाही. आजच्या जगात मात्र माणसाच्या आधी त्याचा कागद सरहद्द ओलांडतो. कागद अडला की माणूस अडतो.

आता हा विशिष्ट कागद कोठून आला ते पाहू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने गोवा, दमण व दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जे स्वतः, किंवा ज्यांचे आईबाप अथवा आजीआजोबा, या प्रदेशात जन्मले होते, ते भारताचे नागरिक झाले असे त्या आदेशाने मानले. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवावयाचे असेल त्याने एका महिन्याच्या आत लेखी कळवावे, अशी तरतूद होती. आमच्या आजोबांच्या पिढीला विचार करण्यास मिळाला तो हा एक महिना. आणि त्या महिन्यात असा काही विचार करावयाचा आहे, हे त्यांतील किती जणांना कळले असेल?

पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने, म्हणजे तेथील हुकूमशाही कोसळल्यावर. पण तेवढ्याने जुना धागा तुटला नाही. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस पोर्तुगालचा कायदा आपले मानीत राहिला, आणि त्यांच्या मुलांसाठीही त्याने वाट ठेवली. नातवंडांसाठी अटी अधिक आहेत, व त्या वेळोवेळी बदलल्या आहेत. तात्पर्य, हा हक्क कोणा दलालाने निर्माण केलेला नाही. तो इतिहासातून आलेला आहे, आणि म्हणूनच तो मिळवताना लपवाछपवीचे काहीएक कारण नाही.

प्रक्रिया ऐकावयास सोपी आहे. मुक्तीपूर्वी जन्मलेल्या वडीलमाणसाच्या जन्मनोंदीची अक्षरशः नक्कल, जिला या व्यवहारात 'तेओर' म्हणतात, ती नागरी नोंदणी कार्यालयातून काढावी लागते. मग त्यांच्या विवाहाची नोंद, मग मुलांच्या जन्माचे दाखले. या दाखल्यांवर अपॉस्टिल नावाचा शिक्का घ्यावा लागतो. एका देशाचा सरकारी दाखला दुसऱ्या देशाने खरा मानावा यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक करार झाला. भारतात तो २००५ सालापासून लागू आहे. शिक्का झाला की कागद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयाकडे जातात. तेथे वडीलमाणसाचा जन्म नोंदला जातो, विवाह नोंदला जातो, नंतर मुलाचा जन्म. त्यानंतर ओळखपत्र व शेवटी पासपोर्ट.

पण या सरळ वाटेवर एक मोठा दगड आहे, आणि तो म्हणजे आपले नाव. आमच्या घरी कोंकणी बोलतात, शाळेत आम्ही मराठी शिकलो व शिकवतो, आजोबांची नोंद पोर्तुगीजमध्ये आहे आणि आमचा पासपोर्ट इंग्रजीत. एकाच माणसाची या चार भाषांत चार नावे झालेली आढळतात. जुन्या दप्तरात शेणव्यांचे 'सिनाय' झाले आहे, कामतांचे 'कामोतीम'. नाईक या साध्या आडनावाच्या शेवटी क्यू, यू, ई ही तीन अक्षरे बसली आहेत. शाळेत मुलाला घालताना कोणी घरचे लाडके नाव सांगितले, कोणी गावाचे नाव आडनाव म्हणून दिले, कोणी वय सोयीने पुढेमागे केले. त्या वेळी ते क्षुल्लक वाटले. पन्नास वर्षांनी लिस्बनमधील कारकून विचारतो, "हे दोघे एकच कशावरून?" त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी किंवा न्यायालयाचा हुकूम. ते वेळखाऊ असते. अप्रामाणिक उत्तर झटपट मिळते. म्हणूनच शाळेच्या कचेरीत आवाज खाली येतो.

येथवर झाला 'घेण्याचा' भाग. आता 'सोडण्याचा' भाग पाहू. कारण तो कोणी सांगत नाही.

भारतीय नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा आहे. त्याचे ९ वे कलम असे की, जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. आपल्या कायद्यात एकाच वेळी दोन नागरिकत्वे नाहीत. केवळ लिस्बनला जन्म नोंदवला आणि पासपोर्ट घेतला नाही, तर नागरिकत्व गेले की राहिले, यावर गोव्यात दीर्घकाळ वाद झाला आहे. निवडणुकीच्या उमेदवारांबाबत तो झाला, आणि ज्यांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले त्यांच्याबाबतही झाला. तेव्हा "नुसती नोंद आहे, त्याने काही होत नाही," असे जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे. ज्याने परकीय नागरिकत्व घेतले त्याने भारतीय पासपोर्ट परत करून तसा दाखला घेतला पाहिजे. तो खिशात ठेवून दोन्हींवर प्रवास करणे हा गुन्हा आहे.

पुढे ओ. सी. आय. कार्ड मिळू शकते. त्याचे पूर्ण नाव 'परदेशस्थ भारतीय नागरिक' असे आहे, आणि ते नावच फसवे आहे. त्यात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. त्याने भारतात आयुष्यभर येण्याजाण्याची व राहण्याची मुभा मिळते, आणि ती मोठी सोय आहे यात शंका नाही. परंतु कार्डधारकास मत देता येत नाही, विधानसभेस वा लोकसभेस उभे राहता येत नाही आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी मिळत नाही. शेतजमीन, बागायत त्याला विकत घेता येत नाही. वारसाने आलेली गोष्ट निराळी. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे एक कलम ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत आहे. तिच्यानुसार वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षांना कार्डधारक बसू शकतो, पण सर्वसाधारण भारतीय विद्यार्थ्यांच्या जागांवर त्याचा हक्क नाही. ही अट त्या तारखेपूर्वी कार्ड घेतलेल्यांस लावू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी दिला. म्हणजे बापाने आज केलेल्या सहीचा परिणाम दहा वर्षांनी लेकीच्या प्रवेशावर होऊ शकतो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचे वडील मुक्तीपूर्वी जन्मलेले. ते वारल्यानंतर, २०१२ साली, आमच्या थोरल्या बंधूंनी एका दलालामार्फत कागद केले. तो गृहस्थ घरी आला, ओसरीवर बसला, चहा घेतला आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवून म्हणाला, "फकत सय करपाची आसा." त्यांतील काही कागद पोर्तुगीजमध्ये होते, काही कोरे होते. बंधूंनी सगळ्यांवर सही केली. त्या गठ्ठ्यात आमच्याही नावाचा अर्ज होता. त्या दिवशी आम्ही बी. ए.च्या परीक्षेसाठी पणजीस गेलो होतो, एवढ्याच कारणाने आमची सही राहिली. त्यात आमची देशभक्ती नव्हती की दूरदृष्टीही नव्हती. घरी असतो तर आम्हीही केली असती.

बंधू इंग्लंडला गेले. तेथे स्विंडनसारख्या शहरांत गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. त्यांनी गोदामात रात्रपाळी केली, घराचे कर्ज फेडले, आईचे औषधपाणी केले, आमच्या बी. एड.ची फीदेखील पाठवली. त्यांच्या कष्टाचे मीठ आम्ही खाल्ले आहे. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तशी इच्छाही नाही.

पण ७ मे २०२४ चा दिवस आम्ही विसरणार नाही. त्या दिवशी लोकसभेचे मतदान होते आणि आमच्या वाड्याचे मतदानकेंद्र याच शाळेत होते. बंधू रजेवर घरी आले होते. आईला धरून ते फाटकापर्यंत आले आणि तेथेच थांबले. मतदारयादी घेऊन बसलेला एक ओळखीचा मुलगा त्यांना म्हणाला, "या ना, तुमचे नाव यादीत आहे." ते खरे होते, नाव कोणी काढलेच नव्हते. बंधूंनी मान हलवली आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. आम्ही बोटाला शाई लावून परतलो, तेव्हा त्यांच्यापुढचा चहा तसाच होता. ते म्हणाले, "या शाळेत मी दहा वर्षे शिकलो. आज आत जाता आले नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हे मला कोणी सांगितले नव्हते असे नाही. त्या कागदांत असणारच. मी वाचले नव्हते." पुढे आम्ही दोघांनी मिळून, नाव वगळण्यासाठी असलेला नमुना ७ चा अर्ज भरला. भारतात त्यांनी स्वतः वाचून केलेली ती पहिली सही, असे ते हसत म्हणाले. पण ते हसणे आम्हांस बघवले नाही.

यावर कोणी म्हणेल, मतासाठी कोणी उपाशी राहावे काय? मुळीच नाही. बंधूंनी तेव्हा सर्व वाचले असते, तरी कदाचित ते गेलेच असते. मग वाचण्याने काय साधले असते? आमचे उत्तर असे की, त्यांनी मत सोडले असते. ते हरवले नसते. सोडलेल्या वस्तूचे दुःख माणूस पेलू शकतो. हरवलेली वस्तू त्याला जन्मभर शोधावी लागते.

दुसरेही एक कारण आहे. नागरिकत्व सोडणे ही कायमची गोष्ट. त्याच्या बदल्यात मिळणारा लाभ मात्र कायमचा नसतो. गोमंतकीय तरुण पोर्तुगीज पासपोर्ट घेत तो पुष्कळदा पोर्तुगालसाठी नव्हे, तर इंग्लंडसाठी. कारण युरोपीय संघाच्या नागरिकास तेथे मुक्त प्रवेश होता. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी तो मुक्त प्रवेश संपला. जे आधीपासून तेथे राहत होते त्यांना राहण्याच्या हक्कासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्जाची मुदत होती. बंधूंनी तो वेळेत केला. आमच्या शेजारच्या एका तरुणाची कागदपत्रे मात्र त्यानंतर पुरी झाली. ज्या दारासाठी त्याने दोन वर्षे खटपट केली, ते दार पासपोर्ट हाती पडण्यापूर्वीच बंद झाले होते. युरोपातील इतर देशांची दारे उघडी होती, पण त्या देशांची भाषा त्याला येत नव्हती. दलालाने त्याला हे सांगितले नाही. आणि त्यानेही वर्तमानपत्र उघडून पाहिले नाही.

सर्वच दलाल लबाड असतात, असे आमचे म्हणणे नाही. कचेऱ्या दूर असतात, भाषा परकी असते, कामावर खाडा पडतो. अशा वेळी माहीतगार माणसाची मदत घेणे रास्त आहे. पण मदतनीस तो मदतनीस. आपल्यासाठी तो रांगेत उभा राहू शकतो. आपल्यासाठी निर्णय घेऊ शकत नाही.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस काही साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार व बँकेचे पुस्तक यांत आपले नाव एकसारखे आहे काय, हे आजच घरी पाहा. चूक असेल तर शाळेत असतानाच रीतसर दुरुस्त करा. मूळ कागद कोणाच्या हवाली करावा लागला तर पोच घ्या व नक्कल ठेवा. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नका. परक्या भाषेतील कागदाचे भाषांतर मागा. ते मागण्यात संकोच कसला? खोटा दाखला जोडू नका. तो वीस वर्षांनीही उघडकीस येतो आणि मग जे खरे होते तेही संशयास पात्र ठरते. जे आखाती देशांत जाऊ इच्छितात त्यांनी हेही जाणावे की, १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोकरभरती करणाऱ्या दलालाला सरकारी नोंदणी लागते. ठराविक देशांत कामास जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाला सरकारी परवानगीही घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ती लागत नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे प्रमाणपत्र असेही उपयोगी पडते. आम्ही वर्गात ओरडतो ते उगाच नव्हे!

आणि शाळेनेही आपले कर्तव्य ओळखावे. आम्ही मुलांना निबंध शिकवतो, अलंकार शिकवतो, पत्रलेखनही शिकवतो. पण एखादा सरकारी अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटच्या बारीक टीपेपर्यंत वाचावा कसा, हे शिकवत नाही. वाचनाचा तासही अपुरा आणि वाचनाची व्याख्याही अपुरी, असेच म्हणावे लागेल.

आमच्या गोव्यात विवाहनोंदणीची एक चांगली रीत आहे. वधूवर एकदा सही करतात. मग काही दिवस जाऊ देतात, कोणाची हरकत असल्यास ती मांडण्यास वाव ठेवतात. आणि दुसरी सही झाल्यावरच नोंद पुरी होते. घर बदलण्यासाठी ज्या समाजाने दोन सह्या ठेवल्या, त्याने देश बदलण्याचा कागद चहाच्या एका कपाबरोबर उरकावा, हे विपरीत आहे. कायद्याने दुसरी सही मागितली नसली, तरी ती आपण स्वतःच्या मनात ठेवावी. पहिली सही करण्याची इच्छा होईल तेव्हा कागद मिटवून ठेवावा, घरातल्या सर्वांस बसवून तो मोठ्याने वाचावा, आणि त्यानंतरही इच्छा टिकली तर खुशाल सही करावी.

वडिलांच्या जन्मनोंदीची एक नक्कल आमच्याही कपाटात आहे. आमच्या मुलीचे भवितव्य पाहता आम्ही ती कधी वापरणारच नाही, असे आज सांगता येत नाही. सध्या आम्ही शब्दकोश घेऊन तिचे पोर्तुगीज वाचीत आहो. निम्मी वाचून झाली आहे. ज्या पालकांकडे असे कागद असतील त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर कचेरीत यावे. जनरल रजिस्टरातील अक्षर आम्ही बदलणार नाही आणि कोणाचा अर्जही भरून देणार नाही. पण बाकावर शेजारी बसून तो कागद तुमच्याबरोबर जरूर वाचू.